वन्संनी 'मे महिन्यात येऊ नका' म्हटलंय

'माझ्या नणंदेचं सासर मालवणजवळ देवबागला. काही वर्षांपूर्वी त्यांनी घरामागे चार खोल्या बांधून पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. लग्न झाल्यापासून आम्ही दर मे महिन्यात त्यांच्याकडे जातो. आता दीर, जाऊ, त्यांची मुलं, जावेच्या माहेरचं कुणी, असं करत तेरा माणसं होतात. दोन गाड्या, आठ दिवस. यंदा वन्संनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "विहिरीने तळ गाठलाय, मे महिन्यात येऊ नका, पाऊस झाल्यावर या." आमच्या ह्यांना ते फार लागलं. बहिणीने भावाला येऊ नको म्हणावं? तिरीमिरीत त्यांनी तारकर्लीच्या एका रिसॉर्टला पाच हजार ॲडव्हान्स पाठवूनही टाकला. मुलगी टी.वाय.ला आहे. ती मोबाईलवर बार्सिलोनाचे व्हिडिओ दाखवते, तिथले लोक पर्यटकांवर पिचकाऱ्या मारताहेत, आणि म्हणते, "ते टुरिस्ट म्हणजे आपणच. यापुढे समुद्रावर जायचंच नाही." वन्संचं चुकलं का? मुलीचं बरोबर आहे का? ॲडव्हान्सचं काय करू?'
– एक वाचक, सातारा (नाव छापू नये)

ताई, नाव छापलेलं नाही. पण देवबाग, चार खोल्या आणि साताऱ्याहून येणारी तेरा माणसं एवढं वाचल्यावर वन्संना कळायचं ते कळणारच. कळलं तर बरंच.

वन्संचं चुकलेलं नाही. ग्रुपवर लिहिण्याऐवजी भावाला फोन करायला हवा होता, एवढं म्हणता येईल. पण फोनवर भाऊ 'अगं आम्ही काय परके आहोत का, भागवून घेऊ' म्हणाला असता आणि त्यांना पुढे बोलता आलं नसतं. लिहिलं म्हणून निदान सांगून तरी झालं. भावाला नको म्हणायचं धाडस कुठलीही बहीण हौसेने करत नाही.

आता विहिरीचा हिशोब करू. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. तेरा माणसांचे झाले १,७५५ लिटर. आठ दिवसांचे चौदा हजार, म्हणजे दहा हजार लिटरचा एक मोठा टँकर संपवून दुसऱ्यालाही हात घातला. यात समुद्रावरून आल्यावर वाळू काढायची दुसरी आंघोळ धरलेली नाही, गाड्या धुणं धरलेलं नाही. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरतात. बाकीचं ज्याचं त्याने समजून घ्यावं.

तुमचे हे म्हणत असतील की कोकणात पाण्याला काय तोटा, तिथे तर धो धो पडतो. पडतो खराच. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि आपल्या दुष्काळी माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. तरी मे महिन्यात पाण्याची ओढ दोन्हीकडे लागते. कोकणची पट्टी अरुंद, सह्याद्रीवरून उतरलेलं पाणी काही तासांत समुद्राला मिळतं, आणि जांभा दगड पाणी जितक्या लवकर पितो तितक्याच लवकर झऱ्यावाटे सोडून देतो. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पडूनही उन्हाळ्यात वेण्णा तलावाकडे डोळे लावून बसावं लागतं, हे आपल्याला साताऱ्यात बसून दिसतंच की.

देवबागची गोष्ट त्याहून नाजूक. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिथल्या विहिरीतलं गोडं पाणी म्हणजे पावसाचं वाळूत मुरलेलं पाणी. खाली खारं पाणी असतं आणि गोडं हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत राहतं. भूजलाचा अभ्यास करणारे एक ढोबळ नियम सांगतात: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असतं. हे उलटं वाचा. पंप लावून वरची पातळी एक फूट उतरवली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला बघतं. एकदम सरकत नाही, पण सरकतं. आधी चहाची चव बिघडते, मग डाळ शिजेना होते, मग साबणाला फेस येत नाही. विहीर एकदा मचूळ झाली की एका पावसाळ्यात गोडी होईलच असं नाही, आणि तेच पाणी शिंपणाला गेलं की बागेची कळा जाते. वन्संनी 'तळ गाठलाय' लिहिलं, तेव्हा आठ दिवसांची गैरसोय एवढंच त्यांच्या मनात नसणार.

पाण्याचा दुसरा भाग कुणी बोलत नाही, कारण तो संडासाचा आहे. वापरलेलं पाणी सेप्टिक टँकमधून शोषखड्ड्यात जातं, शोषखड्डा त्याच वाळूत असतो आणि विहीरही त्याच वाळूत. दोन्हींत पन्नास फूट तरी अंतर हवं. घरच्या पाच माणसांपुरतं केलेलं काम सीझनला वीस-पंचवीस माणसं वापरू लागली की वाळू काही गाळत बसत नाही. फिलिपिन्समधलं बोराकाय बेट २०१८ च्या एप्रिलमध्ये सरकारने सहा महिने पर्यटकांसाठी बंद केलं ते याच पायी. हॉटेलांची घाण सरळ समुद्रात जात होती आणि राष्ट्राध्यक्ष भर सभेत त्या बेटाला उकिरडा ठरवून मोकळे झाले होते. उघडलं तेव्हा एका वेळी किती माणसं राहू शकतात याची मर्यादा घालूनच उघडलं. देवबागवर अशी वेळ आलेली नाही. येऊ नये म्हणून वन्संसारखं कुणीतरी आधी 'नको' म्हणावं लागतं.

आता तुमच्या पत्रात नसलेल्या गोष्टीकडे येते. खोल्यांच्या भाड्याचा कुठेच उल्लेख नाही. म्हणजे देत नसणार. भाऊ बहिणीकडे गेला तर पैसे कसले द्यायचे, हे बरोबरच आहे, पण ते माजघरात झोपणाऱ्या भावाचं झालं. तुम्ही तेरा जण चारही खोल्या आठ दिवस अडवता, तेही मे महिन्यात. खोलीला दिवसाचे दोन हजार धरले तरी चौसष्ट हजार रुपये झाले. वर मासळी, गॅस, मदतीला येणाऱ्या बाईचा पगार, आणि सुरमई पाहुण्यांना हवी म्हणून ती ज्या भावाने मिळेल त्या भावाने. समुद्रावरच्या घरांची कमाई दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे एवढ्यावरच असते. मेच्या अखेरीस किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, आणि मग पावसाळाभर खोल्यांना बुरशी येऊ नये म्हणून धडपड. २०२० चा मे टाळेबंदीत गेला, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ आलं. ज्यांनी कर्ज काढून खोल्या बांधल्या होत्या त्यांना त्या दोन वर्षांचे हप्ते अजून आठवत असतील. तुम्ही वाईट हेतूने जात नाही हे मला ठाऊक आहे. पूर्वी खोल्या नव्हत्या आणि माणसंही तेरा नव्हती. घराचा धंदा झाला आणि पाहुणे मात्र तसेच राहिले, एवढंच झालंय.

पाहुणे फक्त तुम्हीच नाही हेही लक्षात घ्या. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात, त्याच महिन्यात लग्नं निघतात, त्याच महिन्यात शाळांना सुट्ट्या आणि त्याच महिन्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे सगळे घाट उतरून खाली. सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. ते झालं, पण पर्यटकांनी बारा महिन्यांत विभागून यावं, असं काही कुणी केलं नाही. शेजारी गोव्यात तर पंधरा लाखांच्या आसपास लोकवस्ती आणि वर्षाला येणारे पर्यटक कोटीच्या घरात.

मुलीबद्दल. पोर हुशार आहे. रील पाहून स्वतःकडे बोट करणारी माणसं कमी. पण तिने दोन वेगळी भांडणं एकात कालवली आहेत. बार्सिलोनात जुलै २०२४ मध्ये पिचकाऱ्या निघाल्या त्या मुख्यतः घरभाड्याच्या रागातून. मालकांना महिन्याच्या भाडेकरूपेक्षा रात्रीचा पर्यटक परवडायला लागला, त्यामुळे तिथल्याच नोकरदाराला तिथे घर मिळेना. त्या शहराच्या महापौरांनी २०२८ पर्यंत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने बंद करायचं जाहीर केलं आहे. कॅनरी बेटांवर २०२४ च्या एप्रिलमध्ये हजारो लोक रस्त्यावर आले तेव्हा त्यांची मागणीही मर्यादा घाला अशीच होती. स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आत आणि २०२४ साली बाहेरून आलेले पर्यटक नऊ कोटींच्या वर. तिथे राग येणारच. पण तुमच्या वन्सं भाडेकरू नाहीत, घराच्या मालकीण आहेत. पर्यटक आला तर त्यांची चूल पेटते. त्यांना पिचकारी मारायची नाही, त्यांना पाऊस पडल्यावर माणसं हवी आहेत. 'जायचंच नाही' हा मुलीचा निकाल आत्याला परवडणारा नाही.

तिला हवं तर हे सांगा की स्पेनची गोष्ट आपल्याकडे लागू पडते ती दुसऱ्या ठिकाणी. किनाऱ्यालगतच्या जमिनी बाहेरच्यांनी घ्यायच्या, तिथे मोठं रिसॉर्ट उठवायचं, आणि ज्याच्या आजोबांची ती बाग होती त्याने फाटकावर वॉचमन म्हणून उभं राहायचं. घरगुती खोल्यांत राहिलेल्या पर्यटकाचा पैसा गावात राहतो. तुमच्या ह्यांनी ॲडव्हान्स पाठवलेलं रिसॉर्ट कुणाचं आहे, ते मला माहीत नाही. विचारून बघा. आणि तिथेही पाणी त्याच वाळूतलं किंवा टँकरचं असणार. बहिणीच्या दारात आलेला टँकर दिसला असता, रिसॉर्टच्या मागच्या फाटकातून आलेला दिसणार नाही.

आणि समुद्र रिकामा व्हायचं सगळं खापर पर्यटकांवर फोडू नका असंही तिला सांगा. तिथला रापणवाला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार, पहिलं बोट दाखवतो ते अख्खा थवा घेरणारी पर्ससीन जाळी आणि एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्या मोठ्या बोटींकडे. पर्यटकांवरची त्याची तक्रार वेगळी. रापण ओढायला मोकळी पुळण लागते आणि तिथे आता बनाना बोटी आणि गाड्या उभ्या असतात.

गाड्यांवरून आठवलं. तेरा माणसांत गाडी पुळणीवर घालून रील काढणारा एखादा पुतण्या असतोच. तुमच्याकडे नसेल तर माफी असावी. पुळणीच्या वरच्या अंगाला जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते, तिच्या मुळांनी वाळू धरलेली असते. दोन दिवस चाकं फिरली की ती वेल मरते आणि पुढच्या उधाणाला तेवढी वाळू जाते. कासवांची घरटीही त्याच वरच्या पट्ट्यात. मे महिन्यातही एखाद्या घरट्यातून पिल्लं निघायची राहिलेली असतात. पुतण्याला हे पटणार नाही. त्याला सांगा की भरती आली की गाडी रुतते, ट्रॅक्टर आणावा लागतो आणि ट्रॅक्टरवाला म्हणेल ते पैसे द्यावे लागतात. हे पटेल.

खरं तर हे सगळं सातारकराला शिकवायला नको. कासला फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी आपण कुणी जातो का? यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागली की आपणच बोटं मोडतो, 'पुण्यामुंबईकडच्यांना दुसरे दिवस नाहीत का' म्हणतो. कासला दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली, ऑनलाइन बुकिंग आणलं, तेव्हा आपण म्हणालो बरं झालं. वन्संनी हेच केलंय, फक्त त्यांच्याकडे वेबसाइट नाही.

आता करायचं काय. ह्यांनी स्वतः फोन करायचा, ग्रुपवर नाही, आणि तुम्हीही शेजारी बसून बोलायचं नाही. 'तू लिहिलंस ते बरं केलंस, पाणी किती आहे, टँकर मिळतोय का?' एवढं विचारायचं. रुसवा काढायचा नाही, 'आम्ही काय परके' हे वाक्य तर अजिबात नाही. ह्यांना जमणारं नसेल तर त्यांनी एकट्याने एसटीने कोल्हापूरमार्गे जाऊन यावं, कंदी पेढे घेऊन, दोन रात्री माजघरात झोपून. भाऊ म्हणून आलेल्या एका माणसाला विहीर पुरते.

मुलीची परीक्षा झाली की तिला मेचे पंधरा दिवस आत्याकडे पाठवा. पाहुणी म्हणून नाही, हाताखाली. बुकिंगचे फोन घेईल, हिशोब लिहील, वडे तळताना पिठाचे हात करून उभी राहील. पाहुण्यांनी दिवसाला दोन-दोन टॉवेल धुवायला टाकले की आत्याच्या चेहऱ्याचं काय होतं ते तिला तिथे कळेल. बार्सिलोनापेक्षा ते पाहणं तिच्या जास्त उपयोगी पडेल, आणि आत्यालाही सीझनला घरचं माणूस मिळेल. नळ बंद करा असं पाहुण्यांना सांगायला वन्संना संकोच वाटतो, टी.वाय.च्या मुलीला वाटणार नाही.

बाकी सगळ्यांनी जायचं ते भाऊबीजेला. दिवाळीची सुट्टी गर्दीचीच असते हे खरं, पण विहिरी भरलेल्या असतात, होड्या चालू झालेल्या असतात, मासळी असते, ऊन सोसण्यासारखं असतं. आतापासून खोल्या सांगून ठेवा, चारच्या चार हव्या असतील तर तसं सांगा. आणि पैशांची अडचण आपल्या रीतीनेच सुटते. बहीण ओवाळेल तेव्हा ताटात खोल्यांचं पूर्ण भाडं घालायचं. पाकीट उघडून मोजू नये, पण आधी भाच्याला विचारून सीझनचा दर काढून ठेवावा आणि त्याहून कमी घालू नये. ओवाळणी परत करत नाहीत. जेवणाचं जावेने आणि तुम्ही मिळून भाच्याकडे वेगळं द्या. दिरांना हे महाग वाटलं तर तेराचे सात होतील, तेही वाईट नाही.

तिथे गेल्यावर फार काही करावं लागत नाही. समुद्रावरून आल्यावर अंगणात एका बादलीत सगळ्या मुलांचे पाय, मग आंघोळ. गाडी साताऱ्याला येऊन धुवायची. डायपर, बाटल्या, वेफर्सची पाकिटं पिशवीत भरून परत आणायची, कारण तुमच्या दारात घंटागाडी येते आणि तिथे तो कचरा बहुतेक माडाच्या मागे जाळला जातो. सुरमईच हवी असा हट्ट नको, बांगडा आणि पेडवे त्या घरात सुरमईपेक्षा चांगले होतात. किल्ल्याजवळ पाण्याखाली प्रवाळ बघायला उतरलात तर त्यावर पाय देऊन उभं राहायचं नाही. मालवणचा तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि मासे गोळा व्हावेत म्हणून पाव टाकणारा गाईड असेल तर त्याला नको म्हणायचं.

मे महिन्यात मुलांना कुठे न्यायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. महाबळेश्वर सुचवणार नाही, वर लिहिलेलं सगळं तिथेही लागू आहे. आमरस करा, पहाटे अजिंक्यताऱ्यावर न्या, आजोळी चार दिवस पाठवा. एक मे समुद्राशिवाय गेला तर पोरं काही वाळत नाहीत.

राहिला ॲडव्हान्स. आजच फोन करून तारीख बदलून मागा, नोव्हेंबर किंवा जानेवारीतले मधल्या वारांचे दिवस सांगा. मे महिन्यात खोली त्यांना दुसऱ्या कुणालाही देता येते, त्यामुळे बहुतेक मालक याला तयार होतात. तारीख बदलून मिळाली तर तिथे तुम्ही दोघंच जा. नाहीच म्हणाले तर पाच हजार सोडून द्या, पण ते वसूल व्हावेत म्हणून मे महिन्यात तेरा जणांना घेऊन घाट उतरू नका. आणि रिसॉर्टचं बुकिंग केलं होतं हे वन्संना कळू देऊ नका.